‘न’मध्ये लपलेला गवा

परिपाठ संपत आला होता. प्रार्थना झाली, प्रतिज्ञा झाली, संविधानाची उद्देशिका झाली, सुविचार फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेला होता. बातम्या सांगायची पाळी तिसरीतल्या एका मुलीची होती. रिवाजाप्रमाणे तिने वर्तमानपत्रातले दोन मथळे वाचून दाखवायचे. त्या दिवशी पेपर वाडीवर पोचलाच नव्हता. ती हात मागे बांधून उभी राहिली आणि म्हणाली,

“काल राती आमच्या शेतात गवो इल्लो. भात सगळा आडवा केल्यान. आबान डबो वाजवल्यान, मगे तो व्हाळातसून वर गेलो.”

फोंडाघाटच्या अंगाला, घाटाच्या पायथ्याशी असलेली ही जिल्हा परिषदेची दोन शिक्षकी शाळा. पहिली ते चौथी मिळून पट अकरा. शाळेचं आणि बाईंचं नाव बाईंच्या सांगण्यावरूनच इथे देत नाही. मुलीचं बोलणं ऐकून बाईंनी खडू घेतला आणि तिची तिन्ही वाक्यं जशीच्या तशी फळ्यावर उतरवली. ‘इल्लो’चा ‘आला’ केला नाही, ‘केल्यान’ला हात लावला नाही. मग वर्गाकडे वळून म्हणाल्या, “आता हीच बातमी कोल्हापूरच्या माणसाक समजात अशी लिवया.”

पुढची वीस मिनिटं मी पडवीत बसून ऐकत होतो. राती म्हणजे रात्री, गवो म्हणजे गवा, व्हाळ म्हणजे ओढा. हे भराभर झालं. गाडी अडली ती ‘केल्यान’पाशी. एकाने सांगितलं, “केलं.” बाईंनी विचारलं, “कोणी केलं?” “गव्याने.” “मग पुस्तकातल्या वाक्यात ‘त्याने’ लिहावं लागतं. आपल्या वाक्यात हा ‘त्याने’ खय गेलो?” वर्ग गप्प झाला. अकरा डोकी फळ्याकडे बघत राहिली. मग चौथीतला एक मुलगा जवळजवळ ओरडलाच, “बाई, तो ‘न’त लपलोहा!”

खरंच लपला होता. मालवणीत ‘केल्यान’, ‘सांगल्यान’, ‘वाजवल्यान’ म्हटलं की करणारा क्रियापदाच्या शेपटीतच येऊन बसतो. प्रमाण मराठीत त्याच्यासाठी वेगळा शब्द मांडावा लागतो. दोन भाषांच्या वाक्यरचनेतला हा फरक नऊ वर्षांच्या पोराने फळ्यावरच्या तीन वाक्यांतून शोधून काढला. भाषाशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शोभेल अशी ही गोष्ट. ती सापडल्यावर त्या पोराच्या चेहऱ्यावर जे आलं, त्यासाठीच हा लेख लिहितो आहे.

कारण मला माझा पहिलीतला चेहरा आठवला. हजेरीच्या वेळी मी दारातून म्हणालो होतो, “बाई, मी येतंय.” आमच्याकडे कोणीही असंच म्हणतो: मी येतंय, मी जातंय, मी जेवतंय. पुस्तकी मराठीत मात्र ‘येतंय’ हे नपुंसकलिंगी. बाईंनी विचारलं, “तू काय वासरू आहेस, येतंय म्हणायला?” वर्ग हसला. बाई वाईट नव्हत्या. त्यांनाही असंच शिकवलं गेलं असणार. पण त्या दिवसानंतर वर्षभर मी वर्गात आपणहून तोंड उघडलं नाही. घरी आई ‘येतंय’ म्हणाली की मला तिची लाज वाटू लागली. सहा वर्षांच्या मुलाला शाळेने दिलेला तो पहिला संस्कार. भिंतीवर तेव्हाही सुविचार होताच.

भाषाशिक्षण, साक्षरता आणि चारित्र्य हे तीन विषय आपण तीन कप्प्यांत टाकले आहेत. भाषेचं पुस्तक वेगळं, वाचनाच्या चाचण्या वेगळ्या, मूल्यांचा तक्ता वेगळा. मुलाच्या आयुष्यात हे तिन्ही एकाच क्षणी घडतं. तो तोंड उघडतो आणि समोरचा मोठा माणूस त्याच्या शब्दाचं काय करतो, त्या क्षणी. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि फोंडाघाटसारख्या गावात ते जेवढं स्वच्छ दिसतं तेवढं शहरात दिसत नाही.

फोंडाघाट हे सिंधुदुर्ग जिल्ह्यात, कणकवली तालुक्यातलं घाटमाथ्याच्या उंबऱ्यावरचं गाव. देवगडहून निपाणीला जाणारा रस्ता इथून घाट चढतो. वर दाजीपूरचं जंगल, पुढे राधानगरी, मग कोल्हापूर. खालच्या अंगाला माड, पोफळी, कुळागरं. त्यामुळे बाजारात दोन मराठ्या एकमेकींना खेटून चालतात. दुकानदार एका गिऱ्हाईकाला “खय चललास?” विचारतो आणि ट्रकच्या ड्रायव्हरशी घाटावरच्या बोलीत भाव करतो. वरच्या अंगाच्या धनगरवाड्यांतून येणाऱ्या मुलांची बोली आणखी निराळी. जिल्ह्यातल्या चिरेखाणींवर कर्नाटकातून आलेली कुटुंबं आहेत, त्यांची मुलं घरी कन्नड बोलतात. आंब्याच्या बागांत राखणीला नेपाळी माणसं आहेत. पट अकराचा असला तरी वर्गात भाषा तीन-चार असू शकतात.

मालवणीला कोणी बोली म्हणतं, कोणी भाषा. तिला मराठीत घालावं की कोकणीत यावर विद्वानांचा वाद जुना आहे. ग्रिअर्सनने भारतीय भाषांच्या पाहणीच्या १९०५ च्या खंडात तिची नोंद ‘कुडाळी’ म्हणून कोकणीखाली केली. मला त्या वादात शिरायचं नाही. शाळेच्या दारात उभ्या असलेल्या पोराला तिचं नाव काय याच्याशी देणंघेणं नसतं. त्याच्यासाठी ती आवशीची, म्हणजे आईची, भाषा. आणि या मातीने प्रमाण मराठीला काही कमी दिलेलं नाही. १८३२ साली ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर शेजारच्या देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. विंदा करंदीकर त्याच तालुक्यातल्या धालवलीचे. ज्ञानपीठ मिळवणाऱ्या या कवीने ‘एटू लोकांचा देश’सारखी मुलांची पुस्तकं लिहिली. मालवणीतून लिहिणारे कवी महेश केळुसकर तर फोंडाघाटचेच. ‘दर्पण’चं एक वैशिष्ट्य मला नेहमी महत्त्वाचं वाटतं: त्यात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी छापला जायचा. एकच गोष्ट दोन भाषांत समोरासमोर मांडायची ही रीत पोंभुर्ल्याच्या माणसाने जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी वापरली. वाडीतल्या बाई फळ्यावर वेगळं काय करत होत्या?

आता साक्षरतेकडे येतो. ग्रामीण भारतातल्या मुलांच्या वाचनाची पाहणी करणारा ‘असर’ अहवाल आपल्याकडे २००५ पासून निघतो. २०२४ च्या अहवालाप्रमाणे देशभरातल्या सरकारी शाळांत तिसरीच्या मुलांपैकी २३.४ टक्के मुलं दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकत होती. करोनानंतर २०२२ मध्ये हाच आकडा १६.३ होता. म्हणजे सुधारणा आहे, आणि तरीही चारांतली तीन मुलं तिसरीत अडखळतात. निपुण भारत अभियान त्यासाठीच २०२१ मध्ये सुरू झालं.

मूल कुठे अडखळतं ते बघायला त्याच्याशेजारी बसावं लागतं. ‘ग गणपतीचा, भ भटजीचा’ हे सगळ्यांना पाठ असतं. मुळाक्षरं पाठ, बाराखडी पाठ, पण शब्द समोर आला की पोर एकेक अक्षर सुटं उच्चारतं आणि शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरतं. अक्षरं आली, वाचन आलं नाही. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी याच प्रश्नावर आयुष्य घातलं. जन्माने अमेरिकन असलेल्या या बाई भाषाशास्त्राच्या अभ्यासक. फलटणची बोली हा त्यांच्या संशोधनाचा विषय. तिथेच राहून त्यांनी प्रगत शिक्षण संस्था उभी केली, १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन सुरू झालं. त्यांची पद्धत सांगायला सोपी आहे. सगळी मुळाक्षरं संपेपर्यंत थांबायचं नाही. थोडी अक्षरं आणि एखादी मात्रा यांचा गट करायचा आणि त्यातून लगेच अर्थ असलेले शब्द वाचायचे. पहिल्या आठवड्यातच मुलाला कळतं की या रेघोट्यांमध्ये कोणीतरी काहीतरी सांगतंय.

हे मी बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी पहिलीच्या मुलाची पाटी माझ्यापुढे ठेवली. तिच्यावर फक्त म, क आणि काना. त्यातून झालेले शब्द: काका, मामा, काम, माका. ‘मला’ लिहायचं तर ‘ल’ येईपर्यंत थांबावं लागलं असतं. ‘माका’ दोन अक्षरांत झालं. त्या पोराच्या आयुष्यात त्याने स्वतः वाचलेल्या पहिल्या चार शब्दांत त्याच्या घरचा ‘माका’ होता. पाटीवर ‘माका’ लिहून त्याने तो शब्द तीनदा बोटाने गिरवला, तिसऱ्यांदा थुंकी लावून पुसला आणि पुन्हा लिहिला.

सगळ्यांना हे पटतं असं नाही. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एका रिक्षावाल्या पालकाने बाईंना स्पष्ट विचारलं होतं, “बाई, मालवणी शिकवूक मी पोराक शाळेत धाडतंय काय? ती तेका येताच.” त्या बापाची भीती खोटी नाही. तो मुंबईला पाच वर्षं राहून आलेला, तिथे त्याच्या बोलण्याला लोक हसले होते. मुलावर ती वेळ येऊ नये, असं त्याला वाटणं साहजिक आहे. बाईंचं उत्तर मला नेमकं वाटलं: “आधी तुजा, मगे पुस्तकाचा.” प्रमाण मराठी शिकवायचीच, कसून शिकवायची. शुद्धलेखन तपासायचं, जोडाक्षरं घटवायची. पण ती शिकवायची मुलाच्या भाषेच्या शेजारी बसवून. ज्या मुलाला ‘त्याने’ कुठून येतो ते कळलं, तो ‘त्याने’ लिहायला विसरत नाही. त्याच वर्गातल्या चौथीच्या वह्या मी चाळल्या. प्रमाण मराठी स्वच्छ आहे.

दुसरा आक्षेप शिकलेल्या माणसांचा. कोकणाला वाचनाची काळजी कशाला? दहावीच्या निकालात कोकण मंडळ वर्षानुवर्षं राज्यात पहिलं. २०२५ मध्ये निकाल ९८.८२ टक्के. मला त्या निकालाचा अभिमान आहे. पण दहावीचा पेपर हातात आला की काय लिहायचं हे कळणं वेगळं, आणि चार माणसांत उभं राहून आपलं म्हणणं मांडणं वेगळं. आमची मुलं उत्तम लिहितात आणि मुलाखतीत खाली बघतात, हे मी पंचवीस वर्षं पाहतो आहे. ते खाली बघणं पहिलीच्या वर्गात सुरू होतं.

आता चारित्र्याकडे. महाराष्ट्राच्या शाळांत १९९७ पासून मूल्यशिक्षण रीतसर आलं. दहा मूल्यं ठरली: नीटनेटकेपणा, वक्तशीरपणा, श्रमप्रतिष्ठा, स्त्री-पुरुष समानता, संवेदनशीलता, सौजन्यशीलता, वैज्ञानिक दृष्टिकोन, राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता, सर्वधर्मसहिष्णुता. तक्ते रंगले, भिंतींवर लागले. यादीत चुकीचं काहीच नाही. पण हे शब्द एकदा सहा वर्षांच्या कानाने ऐकून बघावेत. यातला एकही शब्द फोंडाघाटच्या कुठल्याही घरात बोलला जात नाही. मूल्य मात्र प्रत्येक घरात आहे. गवा शेतात शिरला तेव्हा शेजारच्या तीन घरांतली माणसं डबे घेऊन धावली. त्याला ‘संवेदनशीलता’ म्हणतात, हे त्या मुलीला कोणी सांगितलेलं नव्हतं. बाईंनी त्या दिवशी ते सांगितलं, शब्द फळ्यावर लिहिला, जोडाक्षर नसलं तरी लांब आहे म्हणून तो दोनदा वाचून घेतला. मूल्य आधी, शब्द मागून.

श्रमप्रतिष्ठा या शब्दापाशी मात्र थांबायला हवं, कारण त्याचा अर्थ जगून दाखवलेला माणूस याच तालुक्यात राहिला. सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन, म्हणजे आप्पासाहेब पटवर्धन, कोकणगांधी. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी भंगीकाम करू द्या अशी मागणी केली. उच्चवर्णीय कैद्याला ते काम देता येणार नाही, असं सरकारने सांगितल्यावर त्यांनी अन्न घेणं थांबवलं. ही बातमी येरवड्यात गांधीजींना कळली तेव्हा डिसेंबरमध्ये त्यांनीही आप्पांसाठी उपोषण सुरू केलं. पुढे १९४८ मध्ये आप्पांनी कणकवलीला गोपुरी आश्रम उभारला. मेलेल्या जनावरांचं कातडं कमावणं, मैल्याचं खत करणं, गोपुरी पद्धतीचा संडास. ज्या कामांना लोक नाक मुरडत होते ती कामं त्यांनी स्वतःच्या हातांनी केली. आणि हाच माणूस भाषेचाही कारागीर होता: गांधीजींची आत्मकथा मराठीत वाचणारा प्रत्येक जण आप्पांची मराठी वाचतो. एकाच माणसात दोन्ही होतं, हात घाण करण्याची तयारी आणि वाक्य स्वच्छ करण्याची निष्ठा. कणकवली तालुक्यातल्या चौथीच्या मुलांना हे माहीत असायला नको का? मी चार शाळांत विचारलं. एका मुलीने ‘गोपुरी’ हे एसटीच्या थांब्यासारखं नाव ऐकलं होतं.

घाट चढून गेलं की कोल्हापुरात याच विचाराची दुसरी शाळा सापडते. लीलाताई पाटील, ना. सी. फडक्यांच्या कन्या, अध्यापक महाविद्यालयाच्या प्राचार्यपदावरून निवृत्त झाल्या आणि १९८५ मध्ये त्यांनी सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. मुलाचा अनुभव हेच पाठ्यपुस्तक, असा तिथला आग्रह. पोस्ट, बाजार, कुंभाराचा आवा, जे पाहिलं त्यावर बोलायचं, मग लिहायचं. लीलाताई २०२० मध्ये गेल्या. त्यांच्या पुस्तकाचं नाव ‘शिक्षणातील ओअॅसिस’ आहे, आणि मला ते नाव नेहमी बोचतं. ओअॅसिस म्हणजे भोवती वाळवंट आलंच.

कोकणातल्या माणसाला दोन भाषा एकाच तोंडात सुखाने नांदवता येतात, याचा पुरावा शाळेबाहेर दर जत्रेला रात्रभर मांडलेला असतो. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. रंगपटात बसून कथानक ठरतं आणि संवाद जागेवर होतात. दिवसभर शेतात मालवणी बोललेला माणूस मुकुट चढवला की संस्कृतप्रचुर मराठीत तासभर अडखळल्याशिवाय बोलतो, आणि तिथेच शंकासुर मालवणीत बोलून लोकांना हसवतो. दोघांपैकी कोणीही कमी नाही. पोरं आजीच्या मांडीवर पेंगत हे सगळं ऐकतात. तसंच गाऱ्हाण्याचं. गावकार देवापुढे उभा राहून गावच्या, मुंबईच्या, आजाऱ्याच्या, परीक्षेला बसलेल्याच्या वतीने एका दमात मागणं मांडतो आणि सगळा गाव “व्हय म्हाराजा” म्हणतो. सगळ्यांचं भलं मागणारं हे वक्तृत्व मुलांना ऐकून ऐकून पाठ होतं. बाईंनी चौथीला शाळेचं गाऱ्हाणं रचायला सांगितलं तर मुलांनी मागितलं: नळाला पाणी येऊ दे, पहिलीत चार मुलं येऊ देत, गव्याला वर रानातच चारा मिळू दे. शेवटचं मागणं त्याच मुलीचं, जिच्या घरचं भात आडवं झालं होतं. चारित्र्याची चाचणी घ्यायचीच असेल तर मला हा पेपर पुरेसा वाटतो.

पहिलीत चार मुलं येऊ देत, हे मागणं काळजाला लागतं. २००१ मध्ये सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८,६८,८२५ होती, २०११ मध्ये ८,४९,६५१. माणसं मुंबईला जातात, राहिलेली मुलं इंग्रजी शाळेच्या गाडीत बसतात. राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा २०२३ मध्ये सुमारे पंधरा हजार होत्या. त्या एकत्र करून समूह शाळा कराव्यात अशी हालचाल त्याच वर्षी झाली. कागदावर ते हिशेबी वाटतं. पण वरच्या वाडीतल्या सहा वर्षांच्या पोराला रान तुडवून पाच किलोमीटरवर पाठवायचं म्हणजे काय, हे गव्याने आडवं केलेलं भात बघितलेल्या माणसाला विचारावं. वाडीची शाळा बंद झाली की मुलाच्या भाषेत उत्तर देणारा एकमेव शिक्षकही जातो. या शाळा टिकल्या पाहिजेत, पट चार असला तरी.

२०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणणारा शासननिर्णय १६ एप्रिलला निघाला. महाराष्ट्र पेटून उठला आणि २९ जूनला सरकारने माघार घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. लहान वयात भाषांचं ओझं नको, हे म्हणणं बरोबरच होतं. मीही तेव्हा सही केली. पण त्या तीन महिन्यांत तिसऱ्या भाषेवर एवढं बोललो आपण, पहिलीवर कोणी बोललं नाही. वाडीतल्या पोराच्या दृष्टीने पहिली भाषा मालवणी, दुसरी पुस्तकातली मराठी, तिसरी इंग्रजी. त्याच्या हिशेबाची सुरुवातच आपण चुकवतो. नव्या शैक्षणिक धोरणाने निदान पाचवीपर्यंत शक्य तिथे घरच्या भाषेत शिकवा असं २०२० मध्ये सांगितलं आहे. घरची भाषा म्हणजे कुठली, हे मात्र घरात जाऊन विचारावं लागेल.

परिपाठात रोज म्हटली जाणारी प्रतिज्ञा मुळात तेलुगूत लिहिलेली आहे, पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ मध्ये. ती मराठीत आली आणि आपली झाली. बाईंनी हे मुलांना सांगितलं तेव्हा एकाने विचारलं, “मगे आमी ती मालवणीत म्हणूया?” एका शुक्रवारी त्यांनी म्हटली. मी ऐकायला नव्हतो.

त्या शाळेत दोरीवर एक वही टांगलेली आहे. परिपाठातली बातमी डाव्या पानावर मुलाच्या भाषेत, उजव्या पानावर पुस्तकाच्या. गव्याची बातमी चौदाव्या पानावर आहे. वही दोनशे पानांची. मुलं आता घरी जाऊन आजी-आजोबांना बातम्या विचारतात, पण वाडीत म्हातारी माणसं थोडी उरली आहेत. बरीचशी मुंबई-ठाण्याला मुलांकडे गेली.

हा लेख त्यांच्याही घरी वाचला जाईल, म्हणून सांगतो. तुमच्या घरात आवस किंवा आजी असेल तर तिच्याकडून एक गोष्ट तिच्याच शब्दांत लिहून घ्या. शब्द दुरुस्त करू नका. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा पुन्हा भरतील, तेव्हा ती पाकिटात घालून धाडा. पत्ता तुम्हाला पाठ आहे: मुख्याध्यापक, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, पुढे तुमची वाडी आणि तुमचा गाव.